मिशी हयात आहे

मुलुंड पूर्वेला राहणारे निवृत्त मुख्य लिपिक सीताराम ओव्हाळ झोपेत श्वास घ्यायचे विसरतात, ही बाब सर्वप्रथम त्यांच्या पत्नी राधाबाई यांच्या निदर्शनास आली. तोपर्यंत ते नुसते घोरतात असा समज होता, आणि घोरणं आपल्याकडे आजारात मोडत नाही, कर्तृत्वात मोडतं. राधाबाई फार वर्षांपूर्वीच आपली उशी घेऊन हॉलमधल्या सोफ्यावर गेल्या होत्या. ती बदली तात्पुरती होती. पण तात्पुरत्या बदलीला मुदत नसते, हे सीतारामरावांएवढं कुणाला ठाऊक असणार?

एकदा पाणी प्यायला उठलेल्या राधाबाईंनी ऐकलं, तर घोरणं एकदम बंद. बाई खूश झाल्या. मग लक्षात आलं की श्वासही बंद आहे. त्यांनी नवऱ्याला गदागदा हलवलं आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि एक यंत्र लिहून दिलं. उशाशी ठेवायची रेडिओएवढी पेटी, तिला एक नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. यंत्र रात्रभर हवा आत ढकलणार, म्हणजे घसा मिटणार नाही आणि माणूस सकाळी उठेल, अशी ती योजना.

योजना चांगलीच होती. अंमलबजावणीत गळती लागली. मास्क नाकावर बसेना, कडेनं हवा सुटे आणि फुर्रर्र असा आवाज होई. पट्टे आवळले की गालांवर वळ उठत, सैल सोडले की मास्क कपाळावर चढे. यंत्राला पडद्यावर एक लहानसा चेहरा होता. रात्र चांगली गेली तर तो हसे, हवा गळली तर तोंड वाकडं करी. सीतारामरावांना रोज सकाळी उठून त्या वाकड्या तोंडाला सामोरं जावं लागे, आणि उभ्या नोकरीत कुठल्याही वरिष्ठानं त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं.

कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीनं अत्यंत आदरानं विचारलं, की सर, यंत्र चालू आहे का, बंद करून पुन्हा चालू केलं का, भांड्यात पाणी भरलं का, फिल्टर धुतला का. सगळं केलंय म्हटल्यावर तिनं आभार मानले आणि तक्रार निकाली काढली. दुसऱ्या वेळी दुसऱ्या मुलीनं हेच प्रश्न याच क्रमानं विचारले. सीतारामरावांना राग यायला हवा होता, पण त्या कामातली शिस्त बघून त्यांना उलट भरून आलं.

शेवटी घाटकोपरहून मितेश नावाचा तंत्रज्ञ घरी आला. त्यानं मास्क चढवला, यंत्र सुरू केलं, कडेनं बोट फिरवलं आणि सांगितलं, "काका, मशीन एकदम ओके. प्रॉब्लेम तुमच्या मिशीत आहे."

"मिशीत?"

"हवा तिकडून निघते. मास्क चामडीवर बसायला पायजे, तो केसांवर बसतो."

"मग दुसरा मास्क द्या."

"मोठा आहे ना, नाक-तोंड दोन्ही झाकणारा. पण तुमची मिशी गालापर्यंत जाते. त्याच्यातून पण लीक होणार."

सीतारामरावांची मिशी साधीसुधी नव्हती. ती बघून खिडकीवरचे अर्जदार अर्ज न देताच मागे फिरत. "ही मिशी मी नोकरीला लागल्यापासून आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

"आणि मी हॉलमध्ये कधीपासून आहे, तेही सांगा त्याला," आतून राधाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मिशी काढली. मास्क गालाला असा बसला की जणू तिथंच उगवला होता. गळती बंद, फुर्रर्र बंद, घोरणंही बंद. सकाळी पडद्यावरचा चेहरा हसला. राधाबाईंनी एक-दोन दिवस अंदाज घेतला आणि आपली उशी उचलून पलंगावर परत आणली. सीतारामरावांनी तिला जागा व्हावी म्हणून आपली उशी सरकवली. खरं सांगायचं तर या वयात माणसाला इतकं सुख झेपत नाही. ते दिवसा डुलक्या घ्यायचे थांबले, जिना चढताना गुणगुणू लागले, आणि राधाबाई शेजारणीला सांगू लागल्या, "अगं, आमचे हे आता मेल्यासारखे शांत झोपतात."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या जुन्या कार्यालयानं फारच मनावर घेतलं, असं म्हणायला हवं. कारण नोव्हेंबरात सीतारामराव हयातीचा दाखला द्यायला गेले, तेव्हा तिथं आधुनिकीकरण झालेलं होतं. पूर्वी पेन्शनर समोर येऊन सही करी आणि जिवंत ठरे. आता भिंतीवर चेहरा ओळखणारं यंत्र होतं. त्याच्यासमोर उभं राहायचं, ओळखपत्रावरचा फोटो आणि चेहरा जुळला की हिरवा दिवा, आणि हिरवा दिवा लागला की माणूस हयात.

सीतारामराव उभे राहिले. लाल दिवा लागला.

टेबलावर चेतना मॅडम होत्या. त्या नव्यानं नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना फाईल बांधायला सीतारामरावांनीच शिकवलं होतं.

"चेतना, अगं मी ओव्हाळ. ओळखतेस ना मला?"

"सर, असं काय विचारता? तुमच्या हाताखाली शिकले मी. पण मी ओळखून काय उपयोग? तुम्हीच सांगायचात, समोरच्या माणसाकडे बघायचं नाही, कागदाकडे बघायचं."

वाक्य सीतारामरावांचंच होतं आणि अजूनही त्यांना ते बिनचूक वाटत होतं.

"बरं, हा मिशीवाला फोटो बदलून घेतो."

"घ्या ना. फक्त फोटो बदलायच्या आधी ओळख पटवावी लागेल. तिथं, यंत्रासमोर."

"यंत्र ओळखत नाही म्हणून तर फोटो बदलायचाय."

"हो सर. नियम एकदम पक्का केलाय, कुठून फटच ठेवली नाही."

त्यांनी मान डोलावली. नियमाची रचना खरोखर सुरेख होती. तरी घरी जाऊन त्यांनी डोकं लढवलं. उशाशी असलेलं यंत्र रोजच्या श्वासांची नोंद ठेवतं. माणूस जिवंत असल्याचा याहून सज्जड पुरावा कोणता? त्यांनी मितेशकडून सगळ्या महिन्याचा अहवाल छापून घेतला आणि चेतना मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला.

"सर, यात लिहिलंय, अधूनमधून श्वास थांबला. त्या वेळी तुम्ही हयात होतात का?"

"होतो की."

"पुरावा?"

असं म्हणून त्यांनी अहवाल परत केला आणि आवाज खाली आणून, शिष्येच्या मायेनं सल्ला दिला, "सर, माझं ऐका. मिशी वाढवून या."

झालं. मिशी वाढू लागली. तिच्याबरोबर गळतीही वाढू लागली. फुर्रर्र परत आलं, मग घोरणं परत आलं, पडद्यावरचा चेहरा पुन्हा वाकडा झाला. राधाबाईंनी काही दिवस कानात कापूस घालून बघितला. एका सकाळी पलंगावर एकच उशी होती. डॉक्टर तर भडकलेच. "श्वास हवाय की मिशी?" सीतारामराव शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, मला श्वास हवाय. कार्यालयाला मिशी हवीय." म्हणजे दिवसा जिवंत ठरायचं तर रात्री जिवावर उदार व्हायचं, अशी ती पंचाईत होती.

तोडगा लेकीनं काढला. शीतल अंधेरीला मालिकांच्या सेटवर मेकअप करायची. तिनं बापाला आरशासमोर बसवलं, कोवळी मिशी भादरली, आणि जुन्या फोटोवरून हुबेहूब तशी खोटी मिशी जाळीवर विणून दिली. "बापाला जिवंत करणं म्हणजे काय मोठं नाही पप्पा. आमच्याकडे लोक आठवड्याला मरतात नि परत येतात."

सीतारामराव मिशी लावून निघाले, सोबतीला राधाबाई. कार्यालयात घामानं डिंक सुटला आणि ऐन वेळी, यंत्रासमोर पोहोचताच, मिशी फरशीवर पडली. राधाबाईंनी वाकून ती उचलली आणि धूळ झटकायला तोंडासमोर धरून फुंकर मारली. त्या नेमक्या यंत्रासमोर उभ्या होत्या.

हिरवा दिवा लागला. यंत्र म्हणालं, "सीताराम ओव्हाळ. हयात."

"अहो मॅडम," राधाबाई म्हणाल्या, "ही मी आहे."

"बसा ताई. हिरवा दिवा आलाय. आता तुमच्यातलं कोण कोण आहे, ही घरगुती बाब झाली." चेतना मॅडमनी शिक्का मारला.

मागच्या रांगेनं हे सगळं नीट पाहिलं. त्यांच्यात एकाचं टक्कल पडलं होतं, एका बाईंची कवळी बदलली होती, तिसऱ्याचा जाड काळा चष्मा ऑपरेशननंतर सुटला होता. त्या महिन्यात या सगळ्यांच्या ऑर्डरींपायी शीतलला सेटवर जायला वेळ मिळाला नाही. लाल दिवा लागायचाच बंद झाला, आणि यंत्राच्या अचूकतेबद्दल कार्यालयाचं वरून कौतुक झालं. पाठोपाठ परिपत्रक निघालं, की ज्येष्ठ नागरिकांची गैरसोय टाळण्यासाठी यापुढे निवृत्तिवेतनधारकानं स्वतः येण्याची आवश्यकता नाही. ओळख पटेल तेवढा भाग पाठवला तरी चालेल.

आता नोव्हेंबरात तिथं माणसं फार दिसत नाहीत. बाकड्यावर डबे असतात. कुणाचा केसांचा टोप, कुणाची कवळी, कुणाचा चष्मा. सीतारामरावांची मिशी शीतल जाता जाता देऊन येते, आणि मिशी दरवर्षी हयात निघते. स्वतः सीतारामराव रोज रात्री घरी गुळगुळीत गालानं, मास्क लावून झोपलेले असतात. शेजारी राधाबाई. ते आहेत की नाहीत, हे कार्यालयानं अद्याप विचारलेलं नाही.

तुम्ही हसताय. हसा. हसून झालं की एक काम करा, तुमचं ओळखपत्र काढून त्यावरचा फोटो आरशाशेजारी धरा. हा माझ्यासारखा दिसतच नाही, अशी तक्रार तुम्ही तो मिळाला त्या दिवसापासून करताय. यंत्राचीही तुमच्याबद्दल तीच तक्रार आहे, आणि ऐकतात त्याचं. तेव्हा त्याला तुमच्यातलं नेमकं काय आवडतं, केस, चष्मा की पडायला आलेला दात, ते वेळेत शोधा आणि जीवापाड जपा. तुमच्यातल्या बाकीच्या भागाची चौकशी कुणी केलेली नाही.