रश्मीबाई साळवे यांणी फेलोशिप फत्ते केली ती हकीकत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मासी, गोदातीरी कोपरगाव परगण्यातील एका वस्तीची रश्मी भीमराज साळवे, उमर वर्षे तेवीस, इणे फेलोशिप नामे मनसब हासील केली. त्याची हकीकत, पदरचे काही न घालता, लिहिली आहे ती ऐसी.

मनसबदाराने दोन वर्षे परमुलखी खेड्यांत राहोन लोकांस एकत्र करावे ऐसा करार होता. अर्जात 'आपली पार्श्वभूमी' म्हणोन एक रकाना होता. इतर उमेदवारांनी तेथे पदव्या आणि परिषदा यांची फौज उभी केली. रश्मीबाई तीन दिवस त्या रकान्यापुढे तळ देऊन बसल्या, आणि मग मातोश्री गीताबाई उसाच्या फडातून परतल्या, तेव्हा त्यांस पुसिले. मातोश्रींनी फर्माविले की खरे तेवढे लिहावे. मग 'शाळेची वाट मोकळी केली' इतके चार शब्द लिहून रश्मीबाईंनी अर्ज रवाना केला, आणि मनी पराभव मानिला.

तथापि मुलाखतीचा हुकूम आला. केडगावी एका मंगल कार्यालयात एकतीस उमेदवार जमा जाहले. नावे आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे पुकारीत. दोन प्रहर टळोन गेले तरी नऊच आटोपले, आणि अकोल्याची एक मुलगी, जिची अखेरची एसटी चार वाजता होती, ती खिडकीकडे तोंड करोन रडू लागली. रश्मीबाईंस राहवेना. त्यांणी अर्जाच्या नकलेच्या पाठकोऱ्या कागदावर प्रत्येकाचे गाव आणि गाडीची वेळ लिहून घेतली, आणि मग नवी यादी केली: ज्याची गाडी आधी, तो आधी. कोपरगावास गाड्या उशिरापर्यंत मिळतात, म्हणोन आपले नाव तळाशी घातले.

जुन्या क्रमात दहावे नाव पुण्याहून स्वतःची मोटार घेऊन आलेल्या अमृतराव यांचे होते. त्यांणी हरकत घेतली की क्रम तो क्रम.

रश्मीबाई शांतपणे बोलिल्या, "दादा, तुमची गाडी तुमच्यासाठी थांबती. आमची थांबत न्हाई."

तेव्हा अमृतराव स्वतः ती यादी घेऊन आत गेले. मुलाखत घेणाऱ्या पंचांच्या अध्यक्षा मोनिकाबाई यांणी मंजुरी दिली.

रश्मीबाईंची पाळी आली तेव्हा दिवे लागले होते आणि पंच जांभया देत होते. मोनिकाबाईंनी अर्ज पुढे धरोन पुसिले की ही वाट कोणती.

तेव्हा रश्मीबाईंनी निवेदन केले की वस्तीतील लेकरे शेजारील शेतकरी रंभाजी यांच्या बांधावरून शाळेस जात. रंभाजींनी तेथे काटेरी तार ओढिली, आणि लेकरांस दोन कोसांचा वळसा पडला. वस्तीने मोर्चाचा मनसुबा केला. बाई मात्र आधी रंभाजींचे दारी गेल्या. त्यांणी हाकलोन दिले. बाई पुन्हा गेल्या.

"किती वेळा?" मोनिकाबाईंनी विचारले.

"सतरा. सतराव्या खेपेला रंगुबाईंनी, म्हंजी त्यांच्या मंडळींनी, चहा ठेवला. तवा कळलं, वस्तीच्या शेळ्या त्यांचा लसूणघास खात हुत्या. हे आमाला कुनी सांगितलंच न्हवतं, अन् आमी इचारलंबी न्हवतं."

मग वस्तीने शेळ्या बांधिल्या, आणि रंभाजींनी आपल्या हाते तार गुंडाळिली.

मोनिकाबाईंनी पुसिले, "मोर्चा का नाही काढला?"

"काढनारच हुतो. पन मोर्चा संपल्यावर लेकरांना रोज त्यांच्याच दारावरनं जायचं हुतं."

पंचांपैकी कोणी जांभई दिली नाही. मोनिकाबाईंनी पेन उचलिले आणि त्या चार शब्दांखाली रेघ ओढिली.

अकरावे दिवशी नेमणुकीचे पत्र आले. जामखेडकडील आठ गावे बाईंचे हवाली जाहली. भीमराजांनी पत्र मोठ्याने वाचिले, गीताबाईंनी ते पुन्हा वाचावयास लाविले, आणि मग पदराने डोळे पुसोन लेकीच्या प्रवासाच्या भाकऱ्या थापावयास बसल्या. येणेप्रमाणे मनसब फत्ते जाहली, ती रुजू असे.