पातळी शून्य

रहांगडालेभाऊ माणसांना अरे-तुरे करत आणि यंत्रांना अहो-जाहो. तपासणीला आलेल्या साहेबालाही त्यांनी ऐकवलं होतं, "तू जरा बाजूला सरक, मोटरले हवा लागू दे." तीच मोटर सुरू करताना मात्र, "उठा जी, लोक नळाजवळ उभे आहेत."

कामठ्याजवळच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ते सकाळच्या पाळीला, मी दुपारच्या. गेल्या उन्हाळ्यात कार्यालयातून एक खोकं आलं. आत मोडेम आणि कन्व्हर्टर. टाकीची पातळी मोजणाऱ्या मीटरची बोली मोडेमला कळत नाही, म्हणून मधे कन्व्हर्टर जोडायचा. मग मोडेम पातळीचा मेसेज माझ्या मोबाईलवर पाठवणार. सोबतचं पुस्तक इंग्रजीत, आणि आकृतीतल्या सगळ्या तारा काळ्या.

"यांचं बोलणं त्यांच्या कानात, त्यांचं यांच्या कानात," पाळी संपली तरी थांबलेले भाऊ तारा धरून म्हणाले. "जोडलं ना बरोबर? मग हे चूप काऊन बसून राहिले?"

मोडेमचे दिवे लुकलुकत होते, माझा मोबाईल गप्प. मी तारा उलटल्या, तर दिवेही गेले. पुन्हा सुलट केल्या. दिवे आले, मेसेज नाही. कन्व्हर्टरवरची बारकी कळ खाली केली, वर केली. तिसऱ्या दिवशी तर कोणती तार मूळची कुठली, हेही आम्हाला सांगता येईना. भाऊंनी कन्व्हर्टरची माफी मागून पाहिली.

तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. पुण्याहून वहिनी. नातू झाल्यापासून त्या मुलाकडेच होत्या, दोन वर्षं. एरवी फोन भाऊच लावत आणि नातवाच्या रडण्यात तो लगेच आटपे. भाऊंचे हात तारांत गुंतलेले, म्हणून मी स्पीकर लावला.

"अजी, तब्येत बरी आहे ना तुमची? तीन दिवसांपासून मेसेज येऊन राहिले. पातळी चाळीस टक्के. मंग पातळी शून्य. मंग पुन्हा चाळीस. मले तर काही समजूनच नाही राहिलं."

मी भाऊंकडे पाहिलं. "मोडेममधे नंबर कोणाचा टाकला?"

"तुझा कुठं पाठ आहे मले? एकच पाठ आहे, तो टाकला."

त्यानंतर अर्धा तास दोघं बोलत होते. काय जेवले, दाढी वाढवूनच ठेवली असन, असलंच काही. फोन ठेवल्यावर मी नंबर बदलायला घेतला. भाऊ पान्यानं उगाच एक घट्ट नट आवळत राहिले.

"दोन नंबर बसतात का रे याच्यात?"

"बसतात."

"मंग तिचा राहू दे. पातळी शून्य झाली का फोन करते ती."

मी वहिनींचा नंबर पहिल्या जागी तसाच ठेवला आणि माझा खाली टाकला.