पायथ्याचे किल्लेदार

गिरगावातल्या आमच्या फणसवाडीच्या मोरोबादादांना माणसं मोजायची खोड होती. पंगतीत बसले की मोजायचे, भजनाला गेले की मोजायचे. एकदा तर वाडीतल्या एका म्हाताऱ्याला पोहोचवून परत निघताना त्यांनी सोनापूरच्या स्मशानाच्या फाटकाशी आम्हांला थांबवलं, बोटानं एकेकाला टिपलं आणि गंभीरपणे म्हणाले, "एक कमी." कमी कोण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

"माणसं मोजू नयेत रे मेल्या मोरू, नजर लागते," माझी आई त्यांना ओरडायची. ती त्यांच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, म्हणून तिला ते मोरूच.

"काकू, न मोजता माणूस हरवतो," दादा म्हणायचे. "वर किती गेले, खाली किती आले, एवढं बघायलाच पाहिजे."

ही 'वर-खाली'ची भाषा त्यांनी जर्मनीहून आणली होती. हो, जर्मनीहून. दादा मुंबईच्या कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका जर्मन पेढीवर कारकून होते. तिथल्या साहेबानं एकदा रजेवर जाताना त्यांना बरोबर नेलं. साहेबाला संधिवात होता, त्याला वेळच्या वेळी औषध द्यायला माणूस हवा होता. संधिवात झालेला माणूस एका जागी बसेल की नाही? हा रोज उठून टेकडीवरचे पडके किल्ले बघायला जायचा. सोबत पाच पाहुणे आणि फराळाच्या टोपलीसकट आमचे दादा.

परत आल्यावर दादांनी रीतसर प्रायश्चित्त घेतलं. भटजींचं समाधान झालं, आईचं झालं नाही. समुद्र ओलांडलेल्या माणसाच्या हातचं ती पाणीसुद्धा घ्यायची नाही. दादांना ना बायको ना मूल. दोन खोल्या पलीकडे एकटेच राहायचे आणि संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन बसायचे. आई आतून ऐकायची आणि ऐकत नाही असं दाखवायची.

"डोंगराच्या टोकावर किल्ला," दादा सांगायचे. "अर्धा ढासळलेला, बुरुजातून झाड उगवलेलं. खाली नदी. आणि रानातून पायवाट. झाडाझाडाच्या बुंध्यावर तांबडा पट्टा मारलेला, वाट चुकू नये म्हणून. बायका, पोरं, म्हातारे, सगळे हौसेनं चालतात."

"हौसेनं? पगार मिळत नाही?" मी विचारायचो.

"उलट खाली चहावाल्या बाईला पैसे देतात."

त्या चहावाल्या बाईचा तपकिरी कुत्रा, तिच्या दारातला गार पाण्याचा झरा, बसायचं लाकडी बाक, बाकाचा मोडका पाय, हे सगळं दादा इतकं बारकाईनं सांगायचे की आपण तिथं बसून आलो असं वाटावं. "आणि वर काय असतं हो?" असं विचारलं की मात्र एवढंच म्हणायचे, "वर काय असणार? वरून खाली दिसतं."

जर्मनीहून त्यांनी तळाला लोखंडी खिळे ठोकलेले बूटही आणले होते. वाडीच्या फरशीवर ते खट् खट् वाजायचे. दर रविवारी हे बूट घालून, डोक्याला पागोटं बांधून ते आम्हांला मुंबईतल्या किल्ल्यांवर न्यायचे. कधी शिवडी, कधी माहीम, आणि सगळ्यांत लाडका शीवचा. फणसवाडीहून शीव म्हणजे तीन तासांची चाल. वाडीनं त्यांचं नाव 'किल्लेदार' ठेवलं होतं, आणि किल्लेदार टेकडीशी पोहोचले की पायथ्याच्या एका धोंड्यावर टोपली घेऊन बसायचे. "जा तुम्ही. मी टोपली सांभाळतो."

एकदा त्यांनी माझ्या हातात चुन्याची बादली आणि कुंचा दिला. जर्मनीसारख्या खुणा शीवच्या वाटेवरही हव्यात. मी चढतोय, ते खालून ओरडतायत, "डावीकडे! त्या दगडावर! तुझं डावं कुठलं रे वामन?" मला उंचीची भीती, घसरणीची भीती, विंचवाची तर फारच. माझ्या खुणा इतक्या वेड्यावाकड्या पडल्या की त्या बघून चालणारा माणूस आधी तीन वेळा खाली येतो आणि मग वर जातो.

मग ते गाठीच्या तापाचं, प्लेगाचं वर्ष आलं.

आधी मांडवीकडून नुसत्या बातम्या येत होत्या. मग उंदीर पडू लागले, मग माणसं. वाडीत फिनेलचा वास आणि कुजबूज, दुसरं काही उरलं नाही. घराघरांची तपासणी व्हायची. बरोबर गोरे सोजीर असायचे, आणि कुणाचं अंग कोमट लागलं तरी इस्पितळात नेतात, नेलेला परत येत नाही, असं जो तो सांगायचा. सोजिरांच्या बुटांचा आवाज आला की वाडी श्वास धरायची.

एका सकाळी खट् खट् झालं. समोरच्या बाईनं खोकणाऱ्या नवऱ्याला तांदळाच्या कणगीत बसवून वर सूप ठेवलं. कुणी पोराच्या तोंडावर हात दाबला. मी पलंगाखाली शिरलो. मला काहीही झालेलं नव्हतं.

"तू कशाला आत?" आईनं वाकून विचारलं.

"सवय असावी," मी म्हणालो.

आवाज आमच्या दारापाशी थांबला. दारात मोरोबादादा होते, हातात दह्याची वाटी. कणगीतला माणूस सुपासकट बाहेर आला, समोरच्या बाईनं दादांना नाही नाही ते ऐकवलं.  दादांनी बूट काढून काखेत धरले आणि ते घरी गेले. त्या दिवसापासून ते अनवाणीच चालू लागले.

चारच दिवसांत आमच्या जिन्यात उंदीर मेलेला सापडला. मी शेपटी पाहिली आणि आल्या पावली घरात पळालो. दादा म्हणाले, "शीवला चला. टेकडीवर हवा मोकळी. कोळीवाड्यातले पांडूनाखवा माझ्या ओळखीचे, झावळ्यांची झोपडी बांधून देतील. मी बोललोय त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या तोंडाशी खटारा उभा राहिला. आई, माझी बायको, आठ वर्षांची ठकी, तीन वर्षांची मनी आणि मी. दादांनी मोजलं. "पाच."

"तुम्हीही चढा की, दादा," माझी बायको म्हणाली.

"मी वर येत नाही."

"अहो, जर्मनीतले एवढे किल्ले चढलात—" मी म्हणालो.

"एकही नाही."

मला वाटलं थट्टा करताहेत. ते खटाऱ्याच्या चाकाकडे बघत होते.

"पहिल्याच दिवशी अर्ध्यावर पाय कापायला लागले. साहेब म्हणाला, तू खाली बस. मग रोजच बसलो. साहेब धरून सहा जण वर जायचे. मला तिथली भाषा येत नाही, आपण कुठल्या गावात आहोत तेही ठाऊक नाही. हे दुसऱ्या वाटेनं उतरून निघून गेले तर? मग मोजत बसायचो. सहावं डोकं झाडीतून दिसेपर्यंत छातीत नुसतं धडधडायचं." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "खाली कुणी बसलेलं असलं की बरं असतं, वामन. जा तुम्ही. घराकडे मी बघतो. काकूंच्या तुळशीला पाणी घालीन."

"लांबून घाल म्हणावं," आई खटाऱ्यातून म्हणाली.

टेकडीवर भीती संपेल असं मला वाटलं होतं. ती आमच्याआधीच तिथं जाऊन बसली होती. रोज सकाळी मी सगळ्यांच्या काखा चाचपायचो, मग आडोशाला जाऊन स्वतःच्या. घाम आला तर भ्यायचो, आणि भ्यालो की घाम यायचा.

रविवारी उन्हं वर येताना खालून हाक आली, "किती?"

पायथ्याच्या धोंड्यावर दादा बसले होते, अनवाणी, टोपली मांडीवर. आपल्याबरोबर वाडीतली साथ नको म्हणून ते एक पाऊलही वर आले नाहीत.

"पाच!" मी ओरडलो.

ते टोपली धोंड्यावर ठेवून निघून गेले. मी खाली जाऊन ती आणली. आत खारका, गूळ, शेंगदाणे. आईनं काही तोंडात घातलं नाही. पण पुढच्या रविवारी हाक यायच्या आधीच ती कड्याशी जाऊन उभी होती.

चौथ्या रविवारी ठकी तापानं फणफणली होती. मी तिच्या मानेखाली, काखेत, जांघेत बोटं फिरवली होती. गाठ लागली नव्हती, पण माझ्या बोटांवर माझा विश्वास नव्हता. 

"किती?"

"पाच," मी म्हणालो. 

 खालून आवाज आला, "पुन्हा सांग."

 आईनं पदर खोचला आणि ओरडली, "पोरीला ताप आहे रे मोरू!"

दादा उठले आणि जवळजवळ पळत निघाले. त्याच संध्याकाळी पांडूनाखवांनी एक पुडी आणून दिली. कोयनेल होतं, तापावरचं कडू औषध. दादा तडक गिरगावात जाऊन परत आले होते, आणि पुडी देऊन पुन्हा गेले होते. ठकीचा ताप नुसता हिवताप निघाला. सहाव्या दिवशी तिनं गूळ मागितला.

रविवार आला. मी खूप मोठ्यानं "पाच" ओरडायचं ठरवून उभा होतो. हाक आलीच नाही.

पुढच्या रविवारीही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. धोंडा रिकामा. मी खाली जाऊन, गिरगावात जाऊन बघून यायला हवं होतं. मी रोज सकाळी उठून तसं ठरवायचो, आणि रोज मला त्या जिन्यातली शेपटी आठवायची. ते तीन तास जो माणूस माझ्यासाठी अनवाणी चालला, त्याच्यासाठी मी ते चाललो नाही. हे लिहिताना विनोद सुचत नाही.

पावसाच्या तोंडावर साथ ओसरली. आम्ही परत निघालो.  वाटेत आईनं एकदाच विचारलं, "मोरूचे दिवस करणारं कुणी आहे का रे?"



खटारा वाडीच्या तोंडाशी वळला. तिथं कोपऱ्यावरच्या दगडावर एक माणूस बसला होता. डोकं तासलेलं, गालांची हाडं वर आलेली, मांडीवर टोपली.

"मला ताप आहे असं कुणीतरी कळवलं," दादा म्हणाले, जणू उशीर झाल्याबद्दल माफी मागत. "तसा थोडा होताच. मग इस्पितळात नेलं. तिथं रोज सकाळी खाटा मोजायचे. मी म्हणायचो, चला, कुणीतरी मोजतंय." मग हसायचा प्रयत्न केला. "कळवणाऱ्याचं बरोबरच होतं हो. माणूस भितो."

आम्ही उतरलो. त्यांचं बोट एकेकापाशी गेलं. आई. बायको. ठकीपाशी ते जरा जास्त वेळ थांबलं. मनी. मी.

"पाच," ते म्हणाले. "उतरले सगळे."

"सहा," आई म्हणाली.

दादांनी गोंधळून खटाऱ्यात पाहिलं.

"तिकडे काय बघतोस? एवढा मुलूख हिंडून आलास आणि स्वतःला धरून मोजायला शिकला नाहीस? मग जर्मनीत जाऊन काय दिवे लावलेस?" आईनं हात पुढे केला. "टोपलीत काय आहे? आण इकडे."

दादा जागचे हलेनात. शेवटी त्यांनी एक खारीक काढली आणि आईच्या हातावर वरून टाकायला गेले, तिला स्पर्श होऊ नये अशा बेतानं. आईनं त्यांचं मनगटच धरलं. खारीक घेतली, दाढेत धरली आणि भरल्या तोंडानं म्हणाली,

"हं. आता पुन्हा मोज."