पडद्याकडे पाठ

म्हसूमामांनी एकाच चित्रपटगृहात सव्वीस वर्षे नोकरी केली आणि त्या सव्वीस वर्षांत एकही चित्रपट पाहिला नाही. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून पुरावा आधी देतो. गुलमंडी बाजाराच्या मागच्या गल्लीत, निजामी राजवट संपविणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शननंतर कधीतरी धान्याच्या एका गोदामाचे चित्रपटगृह झाले. त्याच्या पडद्याच्या डाव्या अंगाला बाहेर जाण्याचे दार होते. दाराशी लोखंडी स्टूल. त्यावर म्हसूमामा बसत. अंगात खाकी सदरा, मांडीवर बॅटरी आणि तोंड प्रेक्षकांकडे. म्हणजेच पडद्याकडे पाठ. पडद्यावर घोडे उधळोत की पूल कोसळोत, मामांची मान वळत नसे.

मी शाळेत भूगोल शिकवीत असे. कारण समजल्याशिवाय गोष्ट सोडायची नाही, ही माझी सवय. तेव्हा मी त्यांना याचे कारण विचारले.

"सर," ते म्हणाले, "मेंढरं चारणारानं डोंगराकडं बघत बसावं का मेंढराकडं? डोंगर कुठं जात नाय."

मामा मूळचे मेंढपाळ घरातले. ऐन तारुण्यात शहरात आले, दरवाज्यावर तिकिटे फाडू लागले आणि तिथेच राहिले. कळप सुटला, पण कळपावर नजर ठेवण्याची विद्या सुटली नाही. त्या विद्येचे सार त्यांच्या एका वाक्यात होते. "पब्लिक झूट बोलतं, मान झूट बोलत नाय." प्रेक्षकांची मान पुढे आली, तर कथेने त्यांना धरले आहे. मागे टेकली, तर पकड सुटली. शेजाऱ्याकडे वळली, तर घरच्या गोष्टी सुरू झाल्या. आणि मान खाली गेली, तर, मामांच्या शब्दांत, "त्याला लागलं."

शुक्रवारी चित्रपट बदलत. गुरुवारी दुपारी चित्रपटगृहाचे मालक शेठजी दारात येऊन विचारत, "म्हसू, पब्लिक क्या बोलती?" मामा माना मोजून उत्तर देत आणि त्या उत्तरावर चित्रपट राही किंवा जाई. हे उत्तर कधी चुकले, असे शेठजींच्याही तोंडून मी ऐकले नाही.

ही सवय चित्रपटगृहापुरती असती, तर तिला नोकरीचा भाग म्हणता आले असते. परंतु माझ्या मुलीच्या लग्नात मामांनी वधूवरांकडे पाठ करून अक्षता टाकल्या आणि त्या माझ्या व्याह्यांच्या चष्म्यावर पडल्या. जेवताना त्यांनी मला अहवाल दिला की, चौथ्या मंगलाष्टकापासून तिसऱ्या रांगेतल्या लोकांनी माना टाकल्या होत्या; पुढच्या मुलीच्या वेळी भटजींना आवरायला सांगा. एकदा कसलासा निरोप सांगायला ते शाळेत आले आणि माझ्या वर्गाच्या दारात पाच मिनिटे उभे राहिले. मी व्यापारी वारे शिकवीत होतो. तास संपल्यावर ते हळूच म्हणाले, "सर, तुमच्या मागच्या बाकांची वळ पार टेकलेली असती. वाऱ्यालाच लोळती." मला राग आला. पण मी व्यापारी वारे शिकविण्याची पद्धत बदलली, हेही नमूद केले पाहिजे.

आता रूबेनच्या चित्रपटाकडे येतो.

रूबेन हा छावणी भागातल्या ख्रिस्ती वस्तीत राहणारा माझा विद्यार्थी. त्याने चार मित्रांना घेऊन नाताळावर एक चित्रपट काढला. कथा एवढीच. एका म्हाताऱ्या आईचा मुलगा दूर नोकरीला आहे. नाताळाला येतो, असे त्याने कळविले आहे. आई करंज्या करते, दारात कागदाची चांदणी टांगते, तिच्यात दिवा लावते आणि वाट पाहते. मुलगा येत नाही. त्यानंतर आई काय करते, तो शेवट. शेवट आधी सांगू नये असा संकेत आहे. मी तो आणखी थोडा वेळ पाळतो.

साधने अगदीच तुटपुंजी होती. घर रूबेनच्या मावशीचे, शेजारी खरेच शेजारी आणि आईची भूमिका करणाऱ्या बाई छावणीतल्या शाळेत शिवण शिकविणाऱ्या. सर्वांना सुट्टी मिळाली ती मे महिन्यात. त्यामुळे नाताळाची थंडी उन्हाळ्यात उभी करावी लागली.

शेठजींनी दुपारी बाराचा खेळ एका आठवड्यासाठी दिला. नाताळ होता त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. म्हणजे गुरुवारी शेठजींनी चित्रपट उतरविला, तर नाताळाला तो पडद्यावर नसणार. रूबेनचा जीव तिथेच अडकला होता. "सर, आई म्हणते, बघीन तर नाताळालाच बघीन. सकाळची उपासना झाली की सगळी मंडळी घेऊन येते म्हणाली. सगळ्यांना सांगून बसलीये."

मी त्याला धीर दिला आणि एक पद्धतशीर उपाय सुचविला. प्रेक्षकांची मते लेखी घ्यावी आणि ती शेठजींपुढे ठेवावी. शाळेच्या यंत्रावर मी स्वतः छापील पत्रके काढली. प्रश्न चार. कथेला दहापैकी गुण द्या. अभिनयाला दहापैकी गुण द्या. संगीताला दहापैकी गुण द्या. चौथा प्रश्न असा होता: 'चित्रपटातील चुका लिहा.'

तीस वर्षे वह्या तपासलेल्या माणसाच्या हातून हा चौथा प्रश्न आपोआप लिहिला गेला. त्यात काही वावगे आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

लोकांनी पत्रके मनापासून भरली. डिसेंबरात झाडाला कैऱ्या कशा? स्वेटर घातलेल्या पाहुण्याच्या कपाळावरून घाम गळतो. भिंतीवरच्या घड्याळात पहिल्यापासून शेवटपर्यंत सव्वादहा. एसटीची पाटी समोरून पैठण आणि मागून कन्नड. उस्मानपुऱ्याच्या एका वकिलांनी चुकांना क्रमांक देऊन पुरवणी जोडली. आणि निम्म्याहून अधिक पत्रकांत एकच चूक पुन्हा पुन्हा आली होती: 'पोरगा यायला पाहिजे होता.' कोणी ती लाल शाईने लिहिली होती. एका बाईंनी पत्रकाच्या मागे चित्रपटातल्या त्या न आलेल्या पोराला चांगल्या सात ओळींत खडसावले होते.

मी सरासरी काढली. दहापैकी साडेतीन. शाळेच्या नियमाप्रमाणे हा विद्यार्थी काठावर उत्तीर्ण होता. शेठजींच्या नियमाप्रमाणे नव्हता. बुधवारी पत्रके चाळून त्यांनी रूबेनला सांगितले की, उद्याचा खेळ शेवटचा.

रूबेनने उरलेली कोरी पत्रके माझ्या टेबलावर आणून ठेवली. रागावला असता, तर बरे झाले असते. मी मामांच्या स्टुलाशी गेलो. त्यांनी एक पत्रक माझ्याकडून वाचून घेतले आणि चौथ्या प्रश्नाशी मला थांबविले.

"तुमी चुका इचारल्या, म्हून लोकायनी चुका सांगितल्या. मला इचारलं असतं तर म्या बी न बघता धा सांगितल्या असत्या. सर, पास करायचं व्हतं का नापास?"

मी पत्रक खिशात घातले. ते म्हणाले, "उद्या माझ्याजवळ बसा. पर एक सांगतो, मागं वळून बघायचं नाय."

गुरुवारी त्यांच्या स्टुलाशेजारी माझ्यासाठी एक खुर्ची मांडलेली होती. आयुष्यात प्रथमच मी चित्रपटगृहात पडद्याकडे पाठ करून बसलो. सुरुवातीला फार संकोच वाटला. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभे राहण्यात इतका संकोच कधी वाटला नव्हता. अंधार झाला आणि पडद्याचा उजेड समोरच्या चेहऱ्यांवर पडला. उजवीकडे कॉलेजचे एक टोळके कैऱ्यांवर विनोद करीत होते. मधे गुलमंडीच्या कापडदुकानातले एक गृहस्थ होते. ते रोज दुपारी येत आणि थंडाव्यात झोप काढत. मागे खुलताबादहून बाजाराला आलेल्या तीन-चार बायका पिशव्या मांडीवर धरून बसल्या होत्या.

मामा माझ्या कानाशी कुजबुजत होते. "ते टोळकं आत्ता हसंल. हसू द्या. करंज्या झाल्या की बघा." पडद्यावर करंज्या तळल्याचा आवाज आला. टोळक्यातला एक जण बोलता बोलता थांबला. "आला," मामा म्हणाले. पुढे एसटी आली आणि गेली. कापडवाले गृहस्थ जागे झाले. पिशव्यांवरचे हात हळूहळू पिशव्यांच्या बंदांभोवती आवळले गेले.

मग शेवट आला. शेजारीण म्हणते, "आता नाही येत तो. चांदणीतला दिवा मालवा, आई." आई उठते. तिच्या चपलांचा आवाज दारापर्यंत जातो. त्यानंतर चित्रपटात एकही शब्द नाही. त्या निःशब्द मिनिटात मी माना पाहिल्या. आधी सगळ्या पुढे आल्या. मग एकेक करून खाली गेल्या. जो कैऱ्यांवर सर्वांत मोठ्याने हसला होता, त्याची मान पहिली गेली.

दिवे लागले. दारे उघडली. कोणी उठले नाही.

मागच्या दारात शेठजी उभे होते. त्यांच्या हातात माझी पत्रके होती. मामा स्टुलावरून उठून त्यांच्याकडे गेले, मागोमाग मी.

"म्हसू, पब्लिक क्या बोलती?" शेठजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. मग पत्रके वर केली. "ये पर्चे तो कुछ और बोलते."

"पर्चे बाहीर गेल्यावर लिहिलेत, मालक. पोराचा राग हाय त्यात. म्या आतलं सांगतो. पब्लिक उठत नाय."

शेठजींनी आत पाहिले. तीनच्या खेळाची माणसे बाहेर खोळंबली होती आणि आतली माणसे बसून होती. उठवावे कसे, असा प्रश्न शेठजींच्या चेहऱ्यावर दिसला. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना बहुधा पडला नसावा. त्यांनी पत्रकांची गुंडाळी करून माझ्या हाती दिली. "चलने दो," ते म्हणाले. "मास्टरसाब, वो चौथा सवाल काट दो."

मी तो छाटला. नव्या पत्रकावर चौथा प्रश्नच नव्हता. त्यामुळे गुण किती वाढले, हे मी येथे सांगणार नाही. परीक्षकाने स्वतःच्या चुकीचा फार गाजावाजा करू नये.

नाताळाच्या दिवशी उपासना आटोपून छावणीतली मंडळी नव्या कपड्यांत, लहानथोरांसह आली. रूबेनची आई मधल्या रांगेत, दोन्ही बाजूंना जावा बसवून, मानाने बसली. गर्दी इतकी झाली की, शेठजींनी तीनचा खेळही तोच लावला. दोन खेळांच्या मधे रूबेनच्या आईने लोकरीच्या विणलेल्या रुमालाने झाकलेले एक ताट मामांच्या हातात दिले. करंज्या, शंकरपाळे आणि केकचा एक जाड तुकडा.

मामा आणि मी दारामागच्या पायरीवर बसलो. मामांनी करंजी मोडली, पण खाल्ली नाही. मला वाटले, गोड वर्ज्य असेल.

"ह्याच महिन्यात आमची मेंढरं खुलताबादचा घाट उतरायची," ते म्हणाले. "म्या हितं लागलो, त्येच्या पुढच्या साली माय घाटाखाली तळ टाकून एक दिस जास्ती थांबली. मला सांगावा आला. म्हनलं, शो सुटत नाय. दुसऱ्या साली बी थांबली. सात सालं थांबली."

"आणि आठव्या साली?"

"आठव्या साली नुसती मेंढरं आली."

आत तीनच्या खेळाची घंटा झाली. मामा उठले नाहीत. रुमालाचा एक सुटलेला धागा ते बोटाला गुंडाळीत होते.

"चुलतभाऊ सांगायचा, तळावर काठीला कंदील टांगून ठेवायची. म्या घाटावरून येताना दिसावा म्हून. कवा इझवायची, ते त्यानं सांगितलं नाय. म्या बी इचारलं नाय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "सर, तुमी ह्यो पिच्चर सामनेसे बघितलाय. शेजारीण म्हनती, दिवा मालवा. म्हातारी उठती. मंग आवाजच येत नाय. माना खाली जातेत, तेवढं मला कळतं. ती इझवती का?"

या प्रश्नाचे मला सविस्तर उत्तर देता आले असते. आई दारापर्यंत जाते. बटणावर हात ठेवते. बराच वेळ ठेवते. मग हात काढून घेते, उंबऱ्याशी एक ताट वाढते, त्यावर रुमाल झाकते आणि आत निघून जाते. पडदा पांढरा होईपर्यंत चांदणी तशीच उजळत राहते. शिकवताना मी एक वाक्य कधी एकदाच सांगितलेले नाही. त्या दिवशी मात्र एकदाच सांगितले, आणि तेही दोन शब्दांचे.

"विझवत नाही."

"मंग बरंय," मामा म्हणाले. त्यांनी करंजी तोंडात टाकली, बॅटरी उचलली आणि आत गेले.

मी तीनच्या खेळाला शेवटच्या रांगेत बसलो. मामा आपल्या जागी होते. खाकी सदरा, मांडीवर बॅटरी, पडद्याकडे पाठ. शेजारीण बोलली. चपलांचा आवाज दारापर्यंत गेला. सगळे चित्रपटगृह निःशब्द झाले. माझ्या पुढच्या रांगांतल्या माना खाली जाऊ लागल्या, पण मी त्या पाहत नव्हतो. पडद्याच्या डाव्या अंगाला, लोखंडी स्टुलावर, एक मान अगदी थोडी मागे वळली. चांदणीचा उजेड त्या अर्ध्या गालावर पडला आणि पडदा पांढरा होईपर्यंत तिथेच राहिला.

दिवे लागले. दारे उघडली. मी उठलो नाही.