पाठीवरचा राजा

मेंग ग्योंगहो टेकले ते थेट शिलालेखाला. खऱ्याला नव्हे; कोरियातल्या प्राचीन गोगुर्यो राजांच्या काळचा खरा शिलालेख काचेमागे सुखरूप होता. ही शेजारची नक्कल, कागदावर ठसे काढायला ठेवलेली. गाइडबाईंनी तिला नुकतीच शाई लावली होती.

"अहो, पाठ!" त्यांची बायको बोकनाम ओरडली.

फिकट कोटाच्या पाठीवर काळाकुट्ट चौकोन उमटला होता. त्यात जुनी अक्षरं, सगळी उलटी.

"गाडीतच बसू म्हटलं होतं मी! तुम्हालाच संग्रहालयाचा गारवा हवा होता."

"मग कोट काढूनच भेटीला जातो."

"आणि शर्ट? कोटाखाली कोण बघतंय म्हणून फक्त कॉलरला इस्त्री करायला लावलीत ना?"

दहा मिनिटांत समोरच्या हॉटेलात मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांशी पहिली भेट होती. मुलाचे वडील बांग निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे कडक.

ग्योंगहो भिंतीला पाठ घासतच खोलीत शिरले. बांग कुटुंब आधीच येऊन बसलं होतं. ग्योंगहोंनी कमरेत न वाकता नुसती मान लववली. बांगनीही उठून तेवढीच लववली. मुलीचा, दाऊनचा चेहरा उतरला.

"बाबा, नीट वाका ना!" ती कुजबुजली. "अपमान झाला त्यांचा!"

कोंबडीचं वाफाळतं सूप आलं. घामाच्या धारा लागल्या.

"कोट काढा ना, व्याहीबुवा," बांग म्हणाले.

"छे छे, तुमच्यासमोर? आधी तुम्ही."

"मी? शक्यच नाही!"

दोघंही कोटात उकडत राहिले. शेवटी बांगना गहिवरून आलं. "इतकी आदब हल्ली बघायला मिळत नाही. शरद ऋतूतच लग्न उरकू!"

दाऊनचा जीव भांड्यात पडला. उठताना मात्र पंचाईत झाली. 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दोघं व्याही शेजारी शेजारी, खोलीकडे तोंड करून उलट्या पावलांनी दाराकडे सरकू लागले. तेवढ्यात मालकीणबाई कलिंगडाचं ताट घेऊन दारात आल्या.

"अगंबाई! दोघांच्याही पाठीवर शाई? त्या संग्रहालयातून आलात वाटतं?"

दोघांनीही एकमेकांच्या पाठीकडे डोकावून पाहिलं. मग बांगबाई फस्सकन हसल्या. "आम्ही तासभर आधी पोचलो होतो हो. यांना गारव्यात बसायचं होतं."

बोकनामने त्यांचा हातच धरला. "विहीणबाई, आमचंही अगदी तेच!"

बांगनी चष्मा लावून ग्योंगहोंची पाठ निरखली. "हे चिनी अक्षर म्हणजे 'राजा'. डावी-उजवी बाजू सारखीच, उलटं छापलं तरी राजाच राहतं. माझ्या पाठीवर काय आहे?"

"नुसता डाग दिसतोय, व्याहीबुवा."

"मग प्रश्नच मिटला." बांग बाजूला झाले आणि कमरेतून पार खाली वाकले. "राजे, आधी तुम्ही."

आणि ग्योंगहो व्याह्यांकडे खुशाल पाठ करून ऐटीत बाहेर पडले.