जिन्यातली चपाती

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. केसकर काकांबद्दल तोंडाने सांगायला गेले तर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

केसकर काका चपाती जिन्यात उभं राहून खातात.

खराडीत त्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे, जेवायचं टेबल आहे, चार खुर्च्या आहेत. माणूस एकटाच. कारखान्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांच्याकडे भाकरी-भाजी करायला जाते. दाराशी ठेवलेल्या माझ्या डब्यात चपाती दिसली की काकांचा जीव खाली-वर होतो. एक मागून घेतात, दाराबाहेर जातात आणि लिफ्टशेजारी उभं राहून नुसतीच खातात. मग शर्ट झटकतात, मिशा पुसतात आणि आत येऊन कोपरापर्यंत साबणाने हात धुतात.

"काका, आत बसून खा की."

"घरात गहू नको, सुमनबाई. प्रयोग चालू आहे."

प्रयोग म्हणजे बिअर. बिअर जवाची करतात, हे मला काकांकडूनच कळलं. गव्हात आणि जवात ग्लुटेन म्हणून काही चिकट असतं. ते ज्वारीत नसतं, म्हणून काकांना ज्वारीची बिअर करायची होती. ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, गच्चीवर वाळवायची, भाजून भरडायची, गरम पाण्यात मुरवायची, गाळून कडू फुलं घालून उकळायची आणि थंड झाल्यावर यीस्ट टाकून नळी लावलेल्या मोठ्या कॅनमध्ये झाकून ठेवायची. भरडायला गिरणीत द्यायची नाही, कारण तिथे गहू दळतात. त्यासाठी घरात वेगळी चक्की.

पहिल्यांदा गच्चीवर मोड आलेली ज्वारी बघून मला वाईट वाटलं. आमच्या गावाकडे कणसाला मोड आले की पीक गेलं म्हणतात. काकांना कळलं तर बिचारे हळहळतील, म्हणून मी गुपचूप सगळी कबुतरांना घातली. काका वर आले आणि कबुतरांकडे बघत राहिले.

"वा! आता यांना चकणाही द्या."

मी दोन दिवस मान वर केली नाही.

कॅनच्या नळीतून बुडबुडे निघायला लागले की काका कान लावून बसतात. मी भांडं आपटलं तर म्हणतात, "हळू, झोपलीय ती." शेजारच्या वहिनींनी वासाचं विचारलं तर म्हणतात, "आंबील." वहिनींनी एकदा वाटीभर मागितली. तेव्हापासून काका त्यांना बघून लिफ्ट सोडतात.

फळीवर परदेशी बिअरचे रिकामे डबे मांडलेत. सगळ्या बिअर बिनग्लुटेनच्या. भाचा परदेशातून येताना आणतो. काका एक घोट घेतात आणि निकाल देतात. "ही तांदळाची. आजाऱ्याची पेज." "ही बाजरीची. सुरुवात बरी, शेवट पाणचट." एकच डबा वेगळा ठेवलाय, ज्वारीचा. "ही खरी. हिच्यापर्यंत पोचायचंय." एवढी आवडती, पण तीसुद्धा घोटभर घेऊन बाकीची बेसिनमध्ये ओतली.

इथेच माझं डोकं चालेना. पीत नाहीत, तर करतात कशाला? गहू जिन्यात पचतो, मग घरात का नाही पचत? शिवाय दर शनिवारी दोन मोठे ग्लास काढून मला घासायला लावायचे. सोमवारी मी आले की दोन्ही टेबलावर तसेच, कोरडे.

मग एका सकाळी काकांनी पिशवीत गुंडाळलेली बाटली माझ्या हातात दिली. "नारायण पेठेत जगताप राहतो. त्याला द्या. माझं नाव सांगू नका."

"मग कुणाचं सांगू?"

"कुणाचंच नको. ठेवा आणि निघा."

"तुम्हीच का जात नाही?"

"गुडघे," काका म्हणाले. दिवसातून चारदा गच्ची चढणारे गुडघे.

बस गच्च भरलेली आणि ऊन. मांडीवर पिशवी धरून बसले होते. मध्येच फाट्कन आवाज झाला, बूच उडालं आणि फेस माझ्या पदरावर आला. सगळी बस माझ्याकडे बघायला लागली.

"मावशी, सकाळी सकाळी?" कंडक्टर म्हणाला.

"ज्वारीची आहे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"असू दे, असू दे. पौष्टिक आहे."

जगताप काकांनी दार उघडलं आणि आधी वास घेतला. "कुणी पाठवलं?"

मला खोटं जमत नाही. "केसकर काकांनी."

दार बंद व्हायला लागलं. मी घाबरले आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले. यात गव्हाचा कण नाही, चक्की वेगळी आहे, घरात गहूच ठेवत नाहीत, स्वतः चपाती जिन्यात खातात.

दार थांबलं.

"जिन्यात?"

"उभं राहून."

जगताप काकांनी दार पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो. दर शनिवारी त्याच्या घरी बसायचो. मग डॉक्टरने माझा गहू बंद केला, जव बंद केला, बिअर बंद. हा म्हणाला, गव्हाने कुणाला काही होतं का, नाटकं करू नकोस, पी. मी मूर्ख, प्यायलो. दवाखान्यात पडलो. हा भेटायला आला तर मी आत येऊ दिलं नाही." बाटलीकडे बघून म्हणाले, "निम्मीच आहे ही."

"बसमध्ये उडाली."

"त्याचं कुठलं काम पुरं झालंय!" असं म्हणून त्यांनी बाटली आत घेतली.

मी परत आले तर काका दारातच उभे. "काय म्हणाला?"

"बाटली घेतली."

"म्हणाला काय पण?"

"तुमचं कुठलं काम पुरं होत नाही म्हणाले."

काका आत गेले आणि कॅनला कान लावून बसले. त्या दिवशी भाकरी तशीच राहिली.

शनिवारी मी ग्लास घासून ठेवले. सोमवारी गेले तर टेबल रिकामं. दोन्ही ग्लास सिंकमध्ये, तळाला चिकट, कडेला वाळलेला फेस.

"काका, आले होते?"

"आला होता. भिकार झालीय म्हणाला."

"मग?"

"तीन ग्लास प्यायला." काका खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

मी दाराशी जाऊन डबा उघडला. चपात्या होत्या. एक काढून पुढे केली आणि म्हटलं, "आता तरी आत बसून खा."

काकांनी चपाती घेतली, दार उघडलं आणि बाहेर गेले. जिन्यातून आवाज आला, "येत्या शनिवारी परत येणार आहे तो."