नकली मेथीचे देवघरे काका

देवघरे काकांकडे चहाला जाऊ नका. आधी दोन चमचे कडू भुकटी चाटावी लागते. एक ‘क’, एक ‘ख’, तेही डोळे मिटून. "असली कोणती, नकली कोणती? बोल पोट्टी!" मी पन्नाशीची, घरात सून आलेली, पण आमच्या अख्ख्या बुढापारा मोहल्ल्यात मला पोट्टी म्हणणारे आता ते एकटेच उरलेत.

काका फार्मसी कॉलेजच्या लॅबमधून निवृत्त झाले, पण कॉलेज त्यांना सोडत नाही. मेथीच्या भुकटीनं रक्तातली साखर उतरते का, हे तिथं तपासून राहिले. अर्ध्या लोकांना खरी मेथी, अर्ध्यांना खोटी, आणि कोणाला काय मिळालं ते कोणालाच कळू द्यायचं नाही. ती खोटी मेथी काकांनी बनवायची.

खोटंच तर द्यायचं, मग काहीही चालेल ना? छे! मी म्हटलं, "कडुलिंब घाला." तर अंगावरच आले. "थो बी साखर उतरवते! मंग फरक कसा दिसन?" कारलं? तेच. तांदळाचं पीठ? "साखर वाढन, अन् आपली मेथी फुकटची हुशार ठरन! नकली माल इमानदार पाहिजे वं." माझ्या स्वयंपाकघरात बिनकामाची एक वस्तू सापडेना. शेवटी लॅबमधली बेचव पूड, कडूपणाला कसलेसे थेंब, आणि वास यावा म्हणून पुरचुंडीचा मेथीच्या पोत्यात आठ दिवस मुक्काम.

परवा त्यांनी बोलावलं. दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता. मी चाटलं, परत चाटलं. "नाही ओळखू येत, काका. जिंकलात!"

मला वाटलं, खूश होतील. ते बसूनच राहिले. "इतक्या लवकर काहून फसली तू?"

मग बोलले. इतकी वर्षं त्यांची प्रत्येक नक्कल आधी काकूंच्या जिभेवर जायची. सारं कॉलेज फसायचं, काकू नाही. त्या थुंकायच्या, की हे पुन्हा कुटायला बसायचे. काकूंना जाऊन वर्ष झालं. "तिच्याशिवाय हा पहिला माल. साऱ्या मोहल्ल्यानं पास केला. मले कोणी पकडूनच नाही राहिलं वं."

माझा जीव कळवळला. ‘ख’चा चमचा पुन्हा तोंडात घातला आणि थाप मारली, "थू! हे नकली आहे!"

म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. "हव? कशावरून?"

मी घाईघाईनं ‘ख’ पुन्हा चाटून पाहिलं.

"ती सांगायची," काका हळूच म्हणाले, "खरी मेथी गिळल्यावर घशाशी जराशी गोड लागते. मले तं कधीच लागली नाही."

त्यांनी ‘क’चा, खऱ्या मेथीचा चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि गिळून कितीतरी वेळ वाट पाहत राहिले.